एन्रॉनच्या दाभोळ करारात कंपनीचं नेमकं काय चुकलं?

मैत्रेयी_पुणे: एमबीएला बिझनेस एथिक्समध्ये दाभोळची केस आलीये, म्हणजे एन्रॉन या अमेरिकन कंपनीचा रत्नागिरी जिल्ह्यातला वीज प्रकल्प. वर्गात बहुतेकांचं म्हणणं की सही सरकारने राजीखुशीने केली, कोणी डोक्याला बंदूक लावली नव्हती, मग कंपनीला का बोलायचं? मला पटत नाहीये पण मुद्दा धड मांडता येत नाही. एन्रॉनच्या ह्यूस्टन मुख्यालयातला अकाउंट्सचा घोटाळा नकोय, फक्त वीज कराराचं सांगा प्लीज.

जुना_बोर्डवाला: एमएसईबीतून, म्हणजे राज्य वीज मंडळातून, रिटायर झालोय म्हणून लिहितो. टेंडर नव्हतंच, जून १९९२ ला थेट एमओयू (प्राथमिक समजुतीचा करार) आणि डिसेंबर १९९३ ला करार. ग्यानबाची मेख होती कपॅसिटी चार्जमध्ये, म्हणजे प्लांटच्या क्षमतेच्या ठरलेल्या आकारात, वीज उचला नाहीतर नका उचलू, तो द्यायचाच आणि तोही डॉलरशी बांधलेला. पाचशे पानांसाठी मंगल कार्यालय घेतलं आणि दीडशेच माणसं जेवली तर भाडं तेवढंच राहतं पण एक पान केवढ्याला पडतं बघा, तसं. त्यात प्लांटचं इंधन नाफ्था महागला, रुपया पडला आणि २००० साली काही महिन्यांत युनिट सात रुपयांच्या वर गेलं. लोक म्हणाले रेट वाढवला, अहो वाढवला कुठे, करारच तसा होता! घेतली तर आमची कोळशाची स्वस्त वीज बंद ठेवा, नाही घेतली तर नुसतेच पैसे भरा. वर्ल्ड बँकेने १९९३ लाच प्रकल्प परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारलं होतं आणि हे कंपनीला चांगलं माहीत होतं. गिऱ्हाइकाला झेपणार नाही हे कळत असून त्याची सही घेतली, माझ्या मते चूक इथे आहे.

हिशेबी_माणूस: एकतर्फी होतंय हे. ९१ नंतर तिजोरीत खडखडाट, खासगी वीज कंपन्यांना १६ टक्के परताव्याचं धोरण दिल्लीचंच होतं. युतीवाले एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू म्हणत निवडून आले, ऑगस्ट ९५ ला करार रद्द केला आणि काही महिन्यांत त्याच कंपनीशी बसून दुसऱ्या टप्प्यासकट नवा करून आले. केंद्राची काउंटर गॅरंटी (राज्याने पैसे थकवले तर केंद्र भरेल अशी हमी) ९६ च्या तेरा दिवसांच्या सरकारने मंजूर केली. पक्ष कुठलाही घ्या, सगळ्यांचे हात लागलेत.

गुहागरकर: तुमचं सगळं युनिट आणि रुपयावरच चाललंय. इथे लोक जमीन, पाणी आणि मासेमारीसाठी रस्त्यावर आले तेव्हा लाठ्या खाल्ल्या, अटका झाल्या, आणि त्या पोलीस बंदोबस्ताचे पैसे कंपनी भरत होती. ह्यूमन राइट्स वॉचच्या १९९९ च्या रिपोर्टमध्ये आहे, वर्गात हे पण वाचून दाखव.

मैत्रेयी_पुणे: थँक्यू सगळ्यांना. आणि ते कंपनीने २ कोटी डॉलर 'एज्युकेशन'वर खर्च केल्याचं खरंय का? ती लाच होती?

हिशेबी_माणूस: कंपनीच्याच अधिकारी बाईंनी १९९५ ला अमेरिकन काँग्रेससमोर सांगितलंय. लाच कोर्टात सिद्ध झाली नाही, त्यामुळे असाइनमेंटमध्ये तो शब्द टाकू नकोस.

मैत्रेयी_पुणे: ओके. मग इंधन, डॉलर, मागणी सगळी जोखीम बोर्डाकडे असेल तर कंपनीकडे काय राहिलं?

जुना_बोर्डवाला: बांधकाम, आणि मागितली की वीज देण्याची जबाबदारी. जानेवारी २००१ ला बोर्डाने मागितली तेव्हा प्लांटने ठरलेल्या वेळेत वीजनिर्मिती वाढवली नाही, त्यावर बोर्डाने ४०१ कोटींचा दंड लावला आणि मे महिन्यात वीज घेणंच बंद केलं. राज्य सरकारने नेमलेल्या गोडबोले समितीचा २००१ चा अहवाल मिळव, त्यात कलमं नीट सोडवून दिलीत.