ओडीबीसीला मागास म्हणणाऱ्यांनी पतसंस्थेत एक दिवस बसावं

नाशिककर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "डेस्कटॉप सॉफ्टवेअर ओडीबीसीने थेट डेटाबेसला जोडणं हा मागासपणा, मध्ये एपीआय (प्रोग्रामच्या मागण्या तपासून डेटाबेसकडे नेणारा मधला थर) हवाच." डोकंच फिरलं. ओडीबीसी म्हणजे प्रोग्रामला वेगवेगळ्या डेटाबेसशी एकाच पद्धतीने जोडायची सोय. माझं पतसंस्थेचं सॉफ्टवेअर व्हीबी ६ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतलं. आधी मागे ॲक्सेस हा छोटा डेटाबेस होता, मग एसक्यूएल सर्व्हर हा मोठा आला. कनेक्शन स्ट्रिंग (कुठल्या डेटाबेसला कसं जोडायचं ते सांगणारी ओळ) बदलली, तारखांच्या क्वेऱ्या दुरुस्त केल्या, स्क्रीन एकही बदलली नाही. १९९२ साली ओडीबीसी आलं ते याचसाठी. प्रोग्रामने ड्रायव्हर मॅनेजरशी बोलायचं, पलीकडचा डेटाबेस ड्रायव्हर सांभाळतो. सहा मशीनच्या लॅनसाठी एपीआय सर्व्हर कोण राखणार?

फायरवॉल: ते मीच लिहिलं, आणि अजून तेच म्हणतो. पासवर्ड कुठे असतो? आयएनआय फाइलीत, म्हणजे सेटिंगच्या साध्या मजकूर फाइलीत. तो ज्याला सापडला, तो ॲक्सेसमध्ये टेबल लिंक करून हवी ती ओळ बदलतो. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे व्याजाचे आकडे असेच बदलले. सगळी मशीनं एकाच 'एसए' या सर्व अधिकार असलेल्या लॉगिनने जोडलेली, कोणी केलं ते आजवर कळलं नाही.

नाशिककर: सगळ्यांना एसए दिलं, हा दोष ओडीबीसीचा? वेगळी लॉगिनं द्या, टेबलांवरचे अधिकार काढा, फक्त स्टोर्ड प्रोसिजर (डेटाबेसातच ठेवलेले ठरावीक आदेश) चालवू द्या.

खिडकी६४: मला तर विंडोजच्या ३२ बिट-६४ बिटच्या घोळाने छळलंय. सिस्टिम३२ फोल्डरमधलं ओडीबीसी ॲडमिन (जोडणी लावायचं साधन) ६४ बिटचं, सिसवाव६४ मधलं ३२ बिटचं, आणि दोन्ही फाइलींचं नाव एकच! कोल्हापुरात अख्खा दिवस गेला. टेस्ट कनेक्शन यशस्वी, प्रोग्राम म्हणतो आर्किटेक्चर मिसमॅच, म्हणजे प्रोग्राम एका बिटचा आणि ड्रायव्हर दुसऱ्या.

अनुस्वार: आणि मराठीचं काय? आमच्याकडे मायएसक्यूएल डेटाबेस. नव्या मशीनवर ड्रायव्हर टाकला आणि सभासदांची नावं म्हणजे नुसती प्रश्नचिन्हं. यादीत एएनएसआय आणि युनिकोड असे दोन ड्रायव्हर असतात, बसवणाऱ्याने पहिला घेतला, ज्याला देवनागरी झेपत नाही. क्लार्कने पत्ते दुरुस्त करून सेव्ह केलं, तीच चिन्हं टेबलात गेली. चारशे नावं कागदी रजिस्टरवरून पुन्हा टाइप केली.

खिडकी६४: जुन्या फॉन्टात डेटा असता तर हे झालंच नसतं.

अनुस्वार: असलं बोलू नका! जुन्या फॉन्टात 'कुलकर्णी' म्हणजे आत रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. फॉन्ट गेला की नाव गेलं. अकारविल्हे यादीसुद्धा लागत नाही. व्हीबी ६ च्या साध्या टेक्स्टबॉक्सला युनिकोड झेपत नाही, म्हणून तुम्ही लोक तिथेच अडकलात. नाशिककर, तुमची नावं कुठल्या फॉन्टात आहेत?

नाशिककर: जुन्याच. अठरा हजार सभासद आहेत हो, एका रात्रीत होत नाही.

अनुस्वार: म्हणजे स्क्रीन बदलावी लागली नाही याचा अभिमान कशाला? बदलायलाच हवी होती.

नाशिककर: तो दोष ड्रायव्हरचा नाही, माझा आळस. बरं, मान्य.

फायरवॉल: लॅनपुरतं लॉगिनचं तुमचंही मान्य. पण दुसऱ्या गावी शाखा निघाली आणि कुणी राउटरवर एसक्यूएल सर्व्हरचा १४३३ पोर्ट इंटरनेटला उघडला, तर?

नाशिककर: शाखा दिवाळीनंतर निघतेय. व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा सुरक्षित खासगी मार्ग) टाकतो, पोर्ट उघडणार नाही. एपीआय मात्र आणत नाही.