मदत हवी आहे: रिपोर्टवर 'एल१, ए३, एन०, एम१' लिहिलंय, ऑपरेशन करायचं की नाही?

नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ बुधवारी निफाडजवळ आमच्या कांदा चाळीचा पत्रा बदलताना वरून पडला. बसल्यासारखा आपटला. वस्तीवरच्या पोरांनी त्याला उचलून बसवलं नाही, जुनं दार आणून त्यावर सरळ निजवून नाशिकला आणलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

सीटी स्कॅनमध्ये कमरेचा पहिला मणका, एल१, फुटलेला दिसतोय. पाय हलतात, लघवीची जाणीव आहे. रात्री दोन-तीनदा उठून मी त्याचं पांघरूण सारते, अंगठा हलव म्हणते. तो हलवतो, तेव्हा कुठे मला पडावंसं वाटतं.

निवासी डॉक्टरांनी समजावलं ते असं: ए म्हणजे मणका दबलेला किंवा फुटलेला, बी म्हणजे पुढचा किंवा मागचा आधार तुटलेला, सी म्हणजे मणका जागेवरून सरकलेला. ए३ मध्ये मागची भिंत फुटते, पण वरच्या-खालच्यापैकी एकच पृष्ठभाग. एन० म्हणजे नसा शाबूत. एम१ विचारायचं राहून गेलं.

आता एक सर्जन स्क्रू-रॉड घाला म्हणतात, दुसरे पट्टा बांधून बघू म्हणतात. घरात रोज यावरून वाद. दोघांतलं कोण चुकतंय?

प्रतिसाद

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, मणक्याचेच पेशंट बघतो. कोणीच चुकत नाहीये. तुमचा घोळ त्या एम१ मध्ये आहे. मागचं लिगामेंट, म्हणजे मणके एकमेकांना बांधून ठेवणारे चिवट बंध, तुटलंय का, याची खात्री नाही, असा त्याचा अर्थ.

२००५ पासून टीएलआयसीएस नावाची गुणांची पद्धत वापरतात. फुटलेल्या मणक्याला २, शंकास्पद लिगामेंटला २, नसा ठीक म्हणून ०. झाले ४. तीनपर्यंत सहसा बिनऑपरेशन, पाच किंवा जास्त असेल तर ऑपरेशन, आणि चारला दोन्ही चालतं. भाऊ नेमके चारवर आहेत. लिगामेंट शाबूत निघालं तर २ राहतात, तुटलेलं निघालं तर ५ होतात आणि ए चा बी होतो. हे एमआरआयवर बरंच स्पष्ट होतं. तो झालाय का?

तोवर त्यांना बसवू नका. कुशीवर वळवताना खांदे आणि कंबर एकदम, ओंडका वळवावा तसं. लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाय जड वाटला तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना उठवा.

धागाकर्ती

दादा, एमआरआय झालेला नाही. मशीनला नंबर लागेना म्हणून आम्हीच 'सीटी झालाय ना' म्हणून गप्प बसलो. सकाळी राउंडला हेच विचारते. वळवायचं वहिनीला आत्ताच दाखवलं, आम्ही तिघींनी मिळून वळवलं, त्याला दुखलं नाही म्हणाला.