मदत हवी आहे: छायाचित्रे स्वच्छ येतात, पण मनात राहत नाहीत. कॅमेरा बदलावा का?

नमस्कार मंडळी,

गेली चार वर्षे मी छंद म्हणून छायाचित्रण करते आहे. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा, सुरुवातीच्या श्रेणीतला डीएसएलआर आहे आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स आहे. ॲपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा जितका लहान तितके ते मोठे), शटरस्पीड आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) यांचा हिशेब मला जमतो, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलवर काम करता येते आणि फोकस सहसा चुकत नाही. असे असूनही माझी छायाचित्रे एकत्र मांडून पाहिली की एक गोष्ट वारंवार जाणवते: त्यांत बोट ठेवावे असा दोष दिसत नाही, आणि पुन्हा एकदा पाहावे असेही काही त्यांत सापडत नाही.

दोन महिन्यांपूर्वी फुल फ्रेम कॅमेरा आणि त्यावर २४-७० मिमी एफ २.८ लेन्स घेण्याचे मी जवळजवळ नक्की केले होते. खरेदीपूर्वी आपण कोणत्या फोकल लेंग्थवर (लेन्सचा मिमीतला आकडा; तो जितका मोठा तितके दृश्य जवळ दिसते) जास्त काम करतो हे तपासावे, म्हणून गेल्या वर्षभरातली सगळी छायाचित्रे उघडून बसले. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंग्थ, वेळ, शटरस्पीड यांची नोंद असतेच. त्या नोंदी पाहून मी अस्वस्थ झाले. बहुतेक छायाचित्रे एक तर १८ मिमीवर काढलेली होती, नाही तर ५५ मिमीवर. मधले आकडे क्वचितच दिसत होते. म्हणजे जिथे उभी होते तिथून एक पाऊलही न हलता मी झूमची कडी या टोकाला किंवा त्या टोकाला फिरवत आले होते. वेळ पाहिली तर बहुतांश चित्रे सकाळी ११ ते दुपारी ४ या दरम्यानची, कारण बाहेर पडणे मला तेव्हा सोयीचे असते. सपाट जमिनीवरच्या जवळपास प्रत्येक चित्रात क्षितिजरेषा उभ्या माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवरून जाते, यावरून मी वाकले नाही, बसले नाही, उंचावर चढले नाही हेही कळले. आणि एका प्रसंगाचे बहुधा एकच चित्र होते: दिसले, टिपले, पुढे गेले.

यांपैकी एकही सवय नव्या कॅमेऱ्याने मोडणार नाही, हे मला पटते. तरीही मन पुन्हा पुन्हा उपकरणाकडे वळते, कारण काही चित्रे कॅमेऱ्यामुळेच बिघडली असे मला अजून वाटते. तीन चित्रांचे वर्णन देते, म्हणजे जाणकारांना नेमके सांगता येईल.

पहिल्या चित्रात आई खिडकीकडे पाठ करून पुस्तक वाचत बसली आहे. खिडकी छान उजळली, पण आईचा चेहरा काळवंडला. नंतर संगणकावर सावल्या तीन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) उजळल्यावर चेहऱ्यावर रंगीत दाणे उमटले. दुसऱ्या चित्रात पाऊस थांबल्यानंतरच्या ओल्या पायऱ्या आहेत आणि छत्री मिटत वर चढणारा एक माणूस आहे. प्रत्यक्षात ते दृश्य पाहून मी थबकले होते. चित्रात मात्र तो माणूस मधोमध आणि लहानसा दिसतो आणि मागच्या झाडाचे खोड त्याच्या डोक्यातून उगवल्यासारखे वाटते. तिसरे चित्र भाचीच्या बॅडमिंटनच्या सामन्याचे, बंदिस्त सभागृहातले. १/६० सेकंद, एफ ५.६, आयएसओ १६००, आणि हातापायांच्या जागी केवळ फराटे.

माझी विचारणा दोन गोष्टींची आहे. यांतल्या कोणत्या चित्रात दोष माझा आहे आणि कोणत्या चित्रात उपकरण खरोखर अपुरे पडले, हे कसे ओळखावे? आणि दृष्टी घडवायची म्हणजे रोज प्रत्यक्षात काय करायचे? ‘नजर तयार करा’ हा सल्ला मला अनेकांनी दिला आहे, पण त्याचा सराव कसा करायचा हे कोणी सांगितले नाही.

प्रतिसाद १

तुम्ही स्वतःच्याच फाइलींतून जे शोधून काढले आहे, ते बरेच लोक दहा वर्षांतही शोधत नाहीत, त्यामुळे अर्धे काम झाले आहे असे मी मनापासून म्हणतो. आता चित्रांकडे वळू.

आईच्या चित्रातले दाणे तुम्ही सेन्सरच्या नावावर लिहिले आहेत. हिशेब करून पाहा. सावल्या तीन स्टॉप उजळाव्या लागल्या, म्हणजे त्या चेहऱ्याला हवा होता त्याच्या एक अष्टमांशच प्रकाश मिळाला होता. मागची खिडकी तेजस्वी असल्याने कॅमेऱ्याने सरासरी काढून एकूण एक्स्पोजर खाली आणले. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो आणि तुमचा साधारण २३.५ × १५.६ मिमीचा आहे. क्षेत्रफळात फरक सुमारे २.४ पटींचा, म्हणजे सव्वा स्टॉपच्या आसपास. याउलट खुर्ची पाव फेरी फिरवून खिडकी आईच्या एका बाजूला आणली असती, तर तोच प्रकाश थेट चेहऱ्यावर पडला असता आणि ते तीनही स्टॉप तुम्हाला फुकट मिळाले असते. शिवाय एक गाल उजळ, दुसरा हळूहळू सावलीत जाणारा, अशी गोलाई आली असती, जी कोणत्याही सेन्सरमधून निघत नाही. खुर्ची हलवणे शक्य नसेल, तर चेहऱ्यावर मीटरिंग करून (म्हणजे तिथला प्रकाश मोजून) खिडकी पांढरी होऊ द्यावी, किंवा चेहरा काळाच ठेवून आकृतीचे चित्र करावे. दोन्ही निर्णय योग्य आहेत. तुमच्या चित्रात निर्णयच घेतलेला नाही, म्हणून ते ना इकडचे झाले ना तिकडचे.

खिडकीचा विषय निघाला म्हणून चेक छायाचित्रकार योसेफ सुदेक यांची आठवण होते. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला, तरी त्यांनी आयुष्यभर वजनदार, तिकाटण्यावरचे मोठे कॅमेरे वापरले. प्रागमधल्या स्वतःच्या स्टुडिओच्या एकाच खिडकीची चित्रे ते १९४० ते १९५४ या काळात काढत राहिले: काचेवरचे दव, बाहेरचे वाकडे झाड, खिडकीत ठेवलेला पेला. विषय बदलला नाही, प्रकाश आणि ऋतू बदलत राहिले, आणि ते पाहण्याची सवय त्यांना होती. ही चित्रे मिळतील तिथे अवश्य पाहा आणि प्रत्येक चित्रात प्रकाश कुठून येतो आहे एवढेच शोधा.

पायऱ्यांच्या चित्रातला दोष पूर्णपणे उभे राहण्याच्या जागेचा आहे. जवळची आणि दूरची वस्तू एकमेकांच्या तुलनेत कुठे दिसणार, हे तुम्ही कुठे उभे आहात यावरून ठरते. झूम फिरवल्याने चौकट लहान-मोठी होते, खोड डोक्यामागून सरकत नाही. त्यासाठी अर्धे पाऊल डावीकडे जावे लागते. माणूस लहान दिसला तो ५५ मिमी अपुरे पडल्यामुळे नव्हे; तुम्ही खाली थांबलात म्हणून. चार पायऱ्या चढून, किंवा उलट वर जाऊन तो आपल्याकडे येण्याची वाट पाहून, हेच दृश्य तुमच्या हाती लागले असते.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ साली कॅलिफोर्नियात एका स्थलांतरित शेतमजूर आईचे काढलेले चित्र तुम्ही पाहिले असेल. त्या वेळी काढलेली बाकीची चित्रेही उपलब्ध आहेत. आधीच्या चित्रांत तंबू आहे, आजूबाजूची जमीन आहे, जास्त माणसे आहेत. मग त्या जवळ जात गेल्या आणि चौकटीतून एकेक गोष्ट वगळत गेल्या. जगाच्या लक्षात राहिलेल्या चित्रात आई दूर कुठेतरी पाहते आहे आणि तिच्या खांद्यांवर टेकलेल्या दोन्ही मुलांचे चेहरे पलीकडे वळलेले आहेत, त्यामुळे आपली नजर दुसरीकडे जाऊच शकत नाही. त्यांच्या हातात अवजड ग्राफ्लेक्स कॅमेरा होता आणि त्यात प्रत्येक चित्रासाठी वेगळी फिल्म लागत असे. तुमचा कॅमेरा सेकंदाला अनेक चित्रे काढतो, आणि तुम्ही एका प्रसंगाचे एकच काढता. तुमच्या नोंदींतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला मुद्दा हाच आहे.

सरावाबद्दल विचारले आहे, तर मी स्वतः केलेला आणि उपयोगी पडलेला सराव सांगतो. एक महिना झूमची कडी ३५ मिमीवर चिकटपट्टीने बांधून टाका. तुमच्या सेन्सरवर ते फुल फ्रेमवरच्या साधारण ५२ मिमीसारखे दिसेल, म्हणजे जवळ जायचे तर चालतच जावे लागेल. आठवड्यातून दोनदा एकाच लहानशा जागेत तासभर थांबा आणि त्याच गोष्टीची २० वेगवेगळी चित्रे काढा. पहिली सहा-सात सहज निघतात आणि ती तुमच्या आतापर्यंतच्या चित्रांसारखीच असतात. त्यानंतर कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्यातच माणूस खाली बसतो, मागे फिरतो, सावलीकडे पाहू लागतो. बटण दाबण्यापूर्वी ‘हे चित्र कशाचे आहे’ हे मनातल्या मनात एका वाक्यात सांगा आणि मग चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवा. त्या वाक्यात न बसणारे जे काही कडेने आत आले असेल, ते पाय हलवून बाहेर काढा. घरी आल्यावर चित्रे अगदी लहान आकारात, कृष्णधवल करून पाहा. रंग आणि बारकावे निघून गेल्यावर उजेड-अंधाराची मांडणी तेवढी उरते आणि ती कच्ची असेल तर लगेच दिसते.

एक दिवस कॅमेरा न घेता घरातल्या एकाच खोलीत सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी प्रकाश कुठे पडतो ते वहीत लिहून काढा. हे क्षुल्लक वाटेल, पण माझ्यासाठी हाच सराव सर्वांत फलदायी ठरला.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, मात्र बॅडमिंटनच्या चित्राचा त्यात उल्लेख नाही आणि तो राहू नये असे मला वाटते. तिथे तुमचे उपकरण खरोखरच कमी पडले. खेळाची हालचाल गोठवायची तर १/५०० सेकंद तरी हवा. १/६० पासून तिथे पोहोचायला तीन स्टॉप लागतात. तुमची लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६ पेक्षा उघडत नाही. आयएसओ १६०० वरून ६४०० केले तर दोन स्टॉप मिळतात, तिसरा कुठून आणणार? ५० मिमी एफ १.८ ही साधी प्राइम (झूम नसलेली) लेन्स तीन स्टॉपहून थोडा अधिक प्रकाश देते आणि बहुतेक कंपन्यांच्या यादीत ती सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक असते. म्हणजे तुमच्या गरजेला नाव आहे, आकडा आहे, आणि त्या आकड्याचे उत्तर फुल फ्रेम कॅमेरा नाही. दूरचे पक्षी, मैदानी खेळ, कीटकांचे अतिसमीप चित्रण या क्षेत्रांतही लेन्सवाचून अडते, हे मान्य करायलाच हवे.

ओळखण्याची खूण विचारली होती, ती माझ्या मते अशी: किती स्टॉप किंवा किती मिलिमीटर कमी पडले हे सांगता येत असेल, तरच उपकरणाचा विचार करावा. ‘चित्र सपाट वाटते’ यावर दुकानात औषध मिळत नाही.

लेन्स आल्यावरही खेळ कळावा लागेलच. स्मॅश मारण्यासाठी उडी घेतलेला खेळाडू सर्वांत उंच बिंदूवर क्षणभर स्थिरावतो. तो क्षण साधला तर शरीर १/२५० सेकंदातही बऱ्यापैकी स्पष्ट येते. भाची सहसा कोर्टच्या कोणत्या कोपऱ्यातून उडी घेते हे दोन गेम नुसते पाहून ठरवा आणि तिथे आधीच फोकस करून ठेवा. एफ १.८ वर स्पष्टतेची खोली फार थोडी असते, म्हणून शक्य झाल्यास एफ २.२ पर्यंत छिद्र बंद करावे.

धागाकर्तीचा प्रतिसाद (तीन आठवड्यांनंतर)

दोघांचेही मनापासून आभार. कॅमेऱ्याची खरेदी मी सध्या थांबवली आहे. ५० मिमी एफ १.८ एका मैत्रिणीकडून दोन दिवस मागून आणली. सामन्याची साठेक चित्रे काढली, त्यांतली चार चांगली आली, आणि ती चारही भाची उडीच्या माथ्यावर असतानाची आहेत.

खोलीतल्या प्रकाशाची वही लिहिली. चार वर्षे या घरात चित्रे काढूनही पश्चिमेकडच्या भिंतीवरून परतणारा मंद उजेड सकाळी साडेआठच्या सुमारास आईच्या खुर्चीपर्यंत येतो, हे मला माहीत नव्हते. खुर्ची फिरवली. त्याच कॅमेऱ्याने, त्याच किट लेन्सने, आयएसओ ४०० वर काढलेल्या त्या चित्रात दाणे नाहीत. आईने ते स्वतःहून मागून घेतले. असे यापूर्वी कधी घडले नव्हते.

पायऱ्यांवर मात्र अडले आहे. आता मी योग्य जागा शोधते, चौकट बांधते आणि थांबते. पण थांबल्यामुळे माणसांचे माझ्याकडे लक्ष जाते. ती सावध होतात, बाजूने वळून जातात किंवा ‘आधी तुमचे होऊ द्या’ म्हणत अदबीने थबकतात. त्यांना अवघडल्यासारखे वाटू नये आणि माझ्या मनातही चोरटेपणाची भावना राहू नये, अशा रीतीने तुम्ही एका जागी तासभर कसे थांबता? आधी बोलून घेता की चित्र काढून झाल्यावर?