रुग्णालयात झालेली चूक: तुमचा अनुभव सांगा

आईला संधिवात आहे. त्यासाठी ती मेथोट्रेक्सेट घेते, आठवड्यातून एकदाच. न्यूमोनियासाठी तिला दाखल केलं तेव्हा जुन्या कागदावरची औषधं नव्या चार्टवर उतरवली गेली आणि 'आठवड्यातून' हा शब्द मागेच राहिला. सहा दिवस ती गोळी रोज दिली गेली. तोंडात फोड आले, पाणी गिळवेना. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या तेव्हा कुठे कुणीतरी चार्टची मागची पानं उलटली. आईचा जीव वाचला. पण त्या गोळ्या रोज मीच तिच्या हातावर ठेवत होते, हे मला अजून सोसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दर १० रुग्णांपैकी साधारण एकाला उपचार घेतानाच काही ना काही इजा होते, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त इजा टाळता येण्यासारख्या असतात. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ साली तिथल्या रुग्णालयांतल्या चुकांमुळे वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला होता. म्हणजे आमच्यासारखी कितीतरी घरं असणार. रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर, परिचारिका, सगळ्यांनी लिहा. रुग्णालयाचं नाव नको.

* * *

मी परिचारिका आहे, २२ वर्षं वॉर्डात काढली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका चार्टवर इन्सुलिनपुढे ६ आणि त्याला चिकटून युनिटसाठी इंग्रजी 'यू' लिहिलं होतं. घाईत त्या अक्षराचं तोंड वरून मिटलेलं. मी ६० वाचलं. सिरिंज भरून पलंगापाशी गेले, तर आजी म्हणाल्या, "सिस्टर, आज एवढं कसं?" माझे हातपाय गार पडले. मी स्वतःहून इनचार्ज सिस्टरना सांगितलं. मला मेमो मिळाला, लिहिण्याची पद्धत मात्र होती तशीच राहिली. पुढे वॉर्डातल्या बाकीच्या मुलींनी असं काही घडलं तर सांगणंच सोडून दिलं. त्यांना मी काय बोलणार? आज मी जिथे आहे तिथे 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहितात आणि इन्सुलिनचा डोस दोघी जणी तपासतात. चूक थोडक्यात टळली तरी नोंद करायची, त्यासाठी शिक्षा नाही. नोंदी वाढल्या, पण निदान कुठे काय घसरतंय ते दिसायला लागलं.

* * *

आम्ही एकाच आडनावाचे दोघे, पलंग शेजारी शेजारी. माझा रक्ताचा रिपोर्ट त्यांच्या फाइलला लागला. संध्याकाळी डॉक्टरांच्या लक्षात आलं, निभावलं.

* * *

माझं हर्नियाचं ऑपरेशन होतं. चार जणांनी नाव विचारलं, कोणती बाजू ते विचारलं, पोटावर पेनने खूण केली. पाचव्यांदा विचारलं तेव्हा मी भूलतज्ज्ञ बाईंवर चिडलो. त्यांनी शांतपणे सांगितलं, की ८ शहरांतल्या रुग्णालयांत अशी तपासणी यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. २००९ साली तो अभ्यास छापून आला. वरचा आडनावांचा किस्सा वाचून आज पुन्हा त्या बाईंची आठवण झाली. त्यांची माफी मागायची राहून गेली.

* * *

मी डॉक्टर. निवासी असताना सलग ड्युटीच्या शेवटच्या तासांत एका रुग्णाचा पोटॅशियमचा रिपोर्ट माझ्याकडून बघायचा राहिला. त्यांना आयसीयूत न्यावं लागलं. वरिष्ठ मला घेऊन नातेवाइकांकडे गेले आणि म्हणाले, "रिपोर्ट वेळेवर बघितला गेला नाही, चूक आमची आहे." मुलगा खूप ओरडला, नंतर बराच वेळ रडला. दुसऱ्या दिवशी त्यानेच येऊन विचारलं, "पुढे काय करायचं, डॉक्टर?" रुग्ण बरे होऊन घरी गेले.

* * *

डॉक्टर, तुमचं वाचून लिहायचं धाडस करतोय. बाबांना पेनिसिलिनची ॲलर्जी होती. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेलं. रात्री वॉर्ड बदलला आणि त्यांना जे अँटिबायोटिक दिलं ते पेनिसिलिनच्याच गटातलं होतं. बाटलीवरच्या नावात तो शब्दच नव्हता. मी बघितलं असतं तरी मला कळलं नसतं. बाबा गेले. आम्हाला "तब्येत अचानक खालावली" एवढंच सांगितलं गेलं. औषधाचं नाव मला महिन्याभराने बिलात सापडलं. आम्ही तक्रार केली नाही, पैसेही मागितले नाहीत. त्या रात्री ते पहिलं पान कुणी उघडलं होतं का, एवढंच आईला विचारायचं होतं. तीन वर्षं झाली, ती अजून विचारते, मला.