गॅलेक्टिन-३ च्या ब्लॉटमध्ये खाली दुसरा बँड, मदत हवी आहे

चिमणी_लॅबवाली
परवा गाइडला दाखवायचंय, लवकर सांगा. गॅलेक्टिन-३ (कॅन्सरशी संबंध असलेलं प्रथिन) चा वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन वजनानुसार पट्टा (बँड) म्हणून दाखवणारी चाचणी, तीनदा केला. ३० केडीएजवळचा (किलोडाल्टन, प्रथिनाचं वजन) बँड ठीक आहे, पण २२ ला अजून एक येतोय. नवी अँटिबॉडी घ्यायला ग्रँट नाही.

तात्या_६५
साखर बंद करा. कॅन्सर साखरेवरच जगतो.

घारू
तात्या, साखर बंद करून कॅन्सर जात नाही, आणि ती ब्लॉटबद्दल विचारतेय. आणि हे प्रथिन साखर खात नाही, पेशीवरच्या गॅलॅक्टोजच्या साखळ्यांना चिकटतं.
चिमणी, सेल लाइन (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी) कुठली? लायसेट (फोडलेल्या पेशी) की मीडियम (पेशी ज्यात वाढतात ते द्रव)? अँटिबॉडी प्रथिनाच्या कुठल्या टोकाला धरणारी?

चिमणी_लॅबवाली
एमडीए-एमबी-२३१, स्तनाच्या कॅन्सरची. मीडियम, सिरम न घालता २४ तास ठेवून दाट केलेलं. अँटिबॉडी पॉलिक्लोनल, म्हणजे प्रथिनाचे अनेक भाग धरणारी. हे वर लिहायला हवं होतं का?

घारू
मग काय! ती सेल लाइन एमएमपी, म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइम्स, सोडते. एमएमपी-२ आणि ९ गॅलेक्टिन-३ ला ६२ आणि ६३ व्या अमिनो आम्लांच्या मधे कापतात, उरतो तो २२ चा तुकडा. साखर धरणारा भाग शाबूत राहतो, पण पुढची शेपूट कापली गेल्यामुळे रेणू एकमेकांना नीट जोडले जात नाहीत. ६४ व्या जागी हिस्टिडीनऐवजी प्रोलीन असेल तर सहसा कापलं जात नाही.

बफर_बाबा
उगाच थिअरी नको. सॅम्पल खराब झालंय. इन्हिबिटरची (कापणारी एन्झाइम्स रोखणारी) गोळी टाक, मला दर वेळी त्यानेच जमलं.

घारू
गोळी ईडीटीए-फ्री (धातू धरून ठेवणारं ईडीटीए नसलेली) असेल तर एमएमपीला ढिम्म फरक पडणार नाही, त्यांना जस्त लागतं. मीडियम काढल्या काढल्या ईडीटीए घाल. तरी बँड राहिला तर काप आधीच, डिशमध्ये पडलाय. मग पुढच्या वेळी डिशमध्येच एमएमपी रोखणारं जीएम६००१ घालून बघ. पेशी असताना ईडीटीए घालू नकोस, सगळ्या सुटून येतील.

बफर_बाबा
मी ईडीटीएवालीच गोळी म्हणत होतो.

घारू
हो का.

सुमन_मावशी
माझ्या जावेला मोसंबीच्या सालीचं पेक्टिन दिलं, खूप बरं वाटलं. ते ह्याच प्रथिनाला अडवतं म्हणे.

घारू
मावशी, ते प्रक्रिया केलेलं पेक्टिन, आणि त्याचा २००२ चा प्रयोग उंदरांवरचा. त्यातली सेल लाइन एमडीए-एमबी-४३५ पुढे स्तनाच्या कॅन्सरची नव्हे, मेलानोमाची (त्वचेच्या कॅन्सरची) निघाली. औषधं डॉक्टरांना विचारूनच.

तात्या_६५
अवांतर: गॅलेक्टिन-३ ची रक्ततपासणी हृदयासाठी असते ना? भाच्याची केली होती.

चिमणी_लॅबवाली
गोळीचा डबा पाहिला. ईडीटीए-फ्रीच आहे. ईडीटीए शेजारच्या लॅबमधून मागून आणते, पीएच ८ चा असला म्हणजे मिळवलं.