पाच लाखांच्या अर्जाने गल्ली सुधारते का?

गल्लीतली मी (धागाकर्ती)

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी सुचवलेली छोटी कामं घेण्याची पद्धत 2006 पासून आहे. क्षेत्रीय कार्यालयात एक साधा अर्ज द्यायचा. एका कामाची मर्यादा कित्येक वर्षं पाच लाख रुपये होती. माझं म्हणणं सरळ आहे: प्रत्येक सोसायटीने, प्रत्येक गल्लीने दरवर्षी हा अर्ज भरलाच पाहिजे.

पहिल्या वर्षी आम्ही सोसायटीच्या आतल्या रस्त्याचं काँक्रिटीकरण मागितलं आणि अर्ज बाद झाला. जागा खासगी, तिथे पालिकेचा पैसा खर्च होत नाही. चूक आमचीच, आधी विचारायला हवं होतं. दुसऱ्या वर्षी कोपऱ्यावरच्या फुटपाथला उतार मागितला. टेप घेऊन गेलो, पायरी मोजली तर अकरा इंच! शेजारच्या आजी वॉकर एका हाताने वर उचलायच्या आणि दुसऱ्या हाताने उभ्या केलेल्या स्कूटरच्या सीटचा आधार घ्यायच्या. आम्ही फोटो काढले, जवळच्या दिव्याच्या खांबाचा नंबर लिहिला, काम कुठून कुठपर्यंत तेही लिहिलं. काम झालं. आजी आता भाजीला एकट्या जातात. एवढ्यासाठी अर्ज करू नये असं कोणी मला पटवून द्यावं.

करदाता

मी प्रयत्न करतो. फुटपाथ नीट ठेवणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. 1949 च्या महापालिका अधिनियमातलं कलम 63 काढून वाचा. मिळकतकर आपण भरतो, तरी अकरा इंचांच्या पायरीसाठी अर्ज, फोटो आणि खांबाचे नंबर आपणच द्यायचे? उद्या अर्ज न केलेल्या गल्लीला "तुम्ही मागितलंच नाही" असं ऐकवतील. हक्काची गोष्ट हळूहळू मेहेरबानी होते ती अशीच. उतार झाला याचा मला आनंद आहे, पण तो तक्रारीवर व्हायला हवा होता.

गल्लीतली मी

तक्रार केली होती. "तरतूद नाही" असं उत्तर आलं. अर्जाने नेमकी तरतूदच होते, अंदाजपत्रकात त्या कामाच्या नावाची ओळ छापून येते. कलम 63 मी मान्य करते, पण ते अमलात येईपर्यंत आजींनी स्कूटर धरून चढायचं का?

वस्तीत काम करते

माझा आक्षेप वेगळा आहे. हे अर्ज भरतं कोण? ज्यांच्याकडे सोसायटीचा सेक्रेटरी आहे, प्रिंटर आहे, दुपारी क्षेत्रीय कार्यालयात जायला निवृत्त काका आहेत, ते. आमच्या वस्तीतल्या बायका सकाळी सहाला निघतात आणि चार घरची कामं करून सातला परततात. सार्वजनिक शौचालयाच्या वाटेवर दिवा नाही. रात्री दोघी-तिघी मिळून जातात, एक मोबाइलचा टॉर्च धरून दाराशी उभी राहते. त्या दिव्याचा अर्ज आजवर कोणी केलेला नाही. मग यादीत बाकं येतात, नामफलक येतात आणि म्हणायचं की नागरिकांनी हेच सुचवलं! एका गल्लीचा दोष नाही, पण जो बोलतो त्यालाच मिळणार असेल तर आमच्यासारख्यांनी काय करायचं?

निवृत्त कनिष्ठ अभियंता

तीस वर्षं टेबलाच्या पलीकडे होतो, म्हणून जरा लांब लिहितो.

अर्ज आला की आम्ही जागा पाहायचो. जागा कोणाची, हेच काम दुसऱ्या यादीत आहे का, नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या 'स' यादीत आधीच धरलंय का, हे तपासून दरसूचीप्रमाणे खर्च काढायचो. मग प्रभाग समिती आणि तिथून मुख्य इमारत. निम्मे अर्ज पहिल्याच पायरीवर पडायचे, कारण त्यांत लिहिलेलं असायचं, "परिसराचा सर्वांगीण विकास करावा." याचा खर्च मी कसा काढू? एका अर्जात एकच काम लिहा. दोनशे सह्यांची गरज नसते, नेमकी जागा लागते.

पण खरी गोम पुढे आहे. अर्ज मंजूर झाला की लोक पेढे वाटतात आणि विसरतात. अंदाजपत्रक छापून आलं की त्यात आपलं काम शोधा आणि ती ओळ उतरवून घ्या. निविदा कधी निघणार ते जूनमध्ये विचारा, दिवाळीनंतर पुन्हा विचारा. 31 मार्चला वर्ष संपतं. त्याआधी काम निघालं नाही तर पैसा दुसऱ्या कामाकडे वळवता येतो. त्याला आम्ही वर्गीकरण म्हणतो. ज्या कामाचं कोणी विचारत नाही, ते वर्गीकरणात आधी जातं.

करदाता यांचं कायद्याचं म्हणणं बरोबर आहे. पण माझ्या टेबलावर कायद्यापेक्षा यादी चालायची.

वर्गणी काढा

एवढ्या खटाटोपापेक्षा घरटी तीनशे रुपये काढा. मी दुसऱ्या शहरातला. आमच्या नगरपालिकेत दोन वर्षं हेलपाटे घातले, शेवटी वर्गणीतून पंधरा दिवसांत बाकं बसवली. गणपतीला वर्गणी निघते, मग बाकांना का नाही?

निवृत्त कनिष्ठ अभियंता

बाक ठीक आहे. फुटपाथ परस्पर फोडू नका. खाली ड्रेनेज, पाण्याची लाइन, केबल असते. आणि वर्गणीतलं बाक मोडलं की दुरुस्ती कोणाच्या खात्यात? पालिकेच्या नोंदीत ते नसतंच.

वस्तीत काम करते

शिवाय तीनशे रुपये म्हणजे आमच्याकडे आठवड्याची भाजी.

सभा भरवा

सगळे अर्जाभोवतीच फिरताय. सहभागी अंदाजपत्रक हा प्रकार ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात 1989 मध्ये सुरू झाला. तिथे वस्त्या-वस्त्यांत सभा भरायच्या, लोक समोरासमोर भांडून ठरवायचे की आधी गटार की आधी रस्ता, आणि जिथे सोयी कमी त्या भागाला वाटा जास्त मिळायचा. आपण त्यातली सभा सोडली आणि कागद तेवढा घेतला. अर्जात मी माझं मागतो, सभेत मला शेजारच्या वस्तीचा दिवा ऐकावाच लागतो. गावाला ग्रामसभा आहे. शहरांसाठी क्षेत्र सभेची तरतूद राज्याच्या कायद्यात 2009 मध्ये आली, पण माझ्या प्रभागात अशी सभा भरलेली मी पाहिलेली नाही. तिचा आग्रह धरायचा सोडून आपण पाच लाखांत समाधान मानतो, हे मला सलतं.

गल्लीतली मी

सभेचं पटलं. मी अर्ज लिहिला तेव्हा खरोखर आमच्या कोपऱ्यापलीकडचं काही डोक्यात नव्हतं. पण सभा भरेपर्यंत अर्ज थांबवावेत हे पटत नाही. या वर्षीचे अर्ज घेणं लवकरच बंद होईल.

वस्तीत काम करणाऱ्या ताई, आमच्या गल्लीचा अर्ज या वेळी राहू दे. शौचालयाच्या वाटेचा करू या. मी गुरुवारी टेप आणि कॅमेरा घेऊन येते, जवळच्या खांबांचे नंबर उतरवून घेऊ.

वस्तीत काम करते

या. पण सातनंतर या, म्हणजे बायका घरी असतील आणि अंधार किती असतो तेही दिसेल. जागा पालिकेची आहे का, हे मी आधी विचारून ठेवते. एक अट आहे: अर्जावर नावं इथल्या बायकांचीच असतील. जूनमध्ये आणि दिवाळीनंतर विचारायला त्याच जातील. मी बरोबर असेन, पण बोलतील त्या.

गल्लीतली मी

कबूल. सात वाजता येते.

करदाता

त्या दिव्याची तक्रारही त्याच दिवशी नोंदवा, आणि अर्जाला तिचा क्रमांक जोडा. मसुदा मी लिहून देतो, कलमासकट.