२९ व्या वर्षी एमबीबीएस करायचं आहे, बारावीला बायोलॉजी नव्हतं. मदत हवी आहे (शहादा)

नमस्कार मंडळी. मी शहाद्याची. बी.फार्म झालंय, सातपुड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी औषधनिर्माता आहे. लग्न झालंय, चार वर्षांची मुलगी आहे. "या वयात कशाला?" हे घरीदारी ऐकून झालंय, तेव्हा कृपया त्यावर नको, खालच्या अडचणींवर बोला.

हे का सुचलं तेवढं सांगते. आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण खूप. फॉलिक अ‍ॅसिड, हायड्रॉक्सीयुरिया औषधाच्या खिडकीतून रोज जातं. मध्यंतरी पाड्यावरून एक बाई लेकराला पाठीशी बांधून आली. पोराची बोटं सुजून टम्म झालेली. गोळ्यांची पुडी घेतली आणि तिथंच उभी राहिली. "ताई, हे परत होईल का?" डॉक्टर त्या दिवशी शिबिराला गेलेले. हायड्रॉक्सीयुरियानं रुग्णाच्या रक्तात गर्भावस्थेतल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढतं, हे मी परीक्षेत लिहून आले आहे. पण त्या पोराला तपासून आज काय करायचं, हे मला ठरवता येत नाही आणि तो माझा अधिकारही नाही. मला ते शिकायचं आहे.

इंग्लंड-ऑस्ट्रेलियात पदवीधरांसाठी चार वर्षांचा मेडिकल कोर्स असतो. आपल्याकडे पदवी कुठलीही असो, 'नीट' ही प्रवेश परीक्षा देऊन पहिल्या वर्षापासूनच सुरुवात. म्हणजे साडेचार वर्षं, मग एक वर्ष इंटर्नशिप. सरकारी कॉलेजातून झालं तर त्यापुढे वर्षभर सरकारी सेवेचा बॉण्ड, पण त्याचं मला काहीच नाही, मला सातपुड्यातच काम करायचं आहे. वयाची वरची अट २०२२ मध्ये निघाली, तोही प्रश्न मिटला.

खरी अडचण बायोलॉजीची. बारावीला माझं पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये एनएमसीनं (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं) बारावीनंतर जादा विषय म्हणून बायोलॉजी देऊन आलेल्यांनाही पात्र धरलं. मग तो विषय एनआयओएसकडून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडून) द्यावा की आपल्याच बोर्डाकडून? महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यात दहावी-बारावी इथलीच लागते. तिथं एनआयओएसची वेगळी गुणपत्रिका कागदपत्रं तपासताना अडते का? कुणी या वाटेनं गेलं असेल तर नक्की सांगा.

दुसरं अभ्यासाचं. नीटच्या ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे. शरीरक्रिया, हार्मोन्स हे फार्मसीमुळे जमतं. वनस्पतींचं वर्गीकरण मात्र पहिल्यापासून वाचावं लागतंय. लातूरला जाऊन राहणं शक्य नाही. ड्युटी सांभाळून नुसत्या एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांवर होईल का?

पैशांचं थोडं सांगते. ओबीसी आहे, उत्पन्न आठ लाखांच्या आत, त्यामुळे २०२४ च्या निर्णयानं मुलींना मिळणारी फी माफी मिळावी. पण पगार बंद होईल, आणि शेतातल्या केळीचा भाव कधी पडेल सांगता येत नाही. नंदुरबारचं कॉलेज मिळालं तर घरून जाऊन-येऊन होईल. धुळे, जळगावही चालेल. चंद्रपूर किंवा सिंधुदुर्ग लागलं तर मुलीचं काय, यावर घरात अजून बोलणं चालू आहे. सासूबाई म्हणतात, "तू शिक, पोरले मी सांभायसू." त्यांच्या जिवावरच हे लिहायचं धाडस करते आहे.

प्रतिसाद

ताई, मी धुळ्याच्या सरकारी कॉलेजचा. वयाचा विचार डोक्यातून काढा.

बायोलॉजीचं आधी उरका. एनआयओएसची परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नीट मे महिन्यात, म्हणून ऑक्टोबरची धरा, निकाल हातात घेऊनच अर्ज भरता येईल. प्रॅक्टिकल सोडू नका. कोट्याचं तोंडी विचारू नका, प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलला ईमेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

त्याहून मोठी गोष्ट कागदांची. ओबीसीतून जायचं तर जात वैधता आणि नॉन-क्रीमी लेयर आत्ताच पाहा. लग्न झालेल्या मुलींचं इथंच अडतं. जातीचे कागद माहेरच्या नावानं, आधार सासरच्या नावानं. अर्जात दहावीच्या गुणपत्रिकेवरचंच नाव ठेवा आणि विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. नॉन-क्रीमी लेयरला वडिलांचे कागद लागतील. शिक्षणातल्या खंडासाठी गॅपचं प्रतिज्ञापत्रही करावं लागेल.

एनसीईआरटी पुरते, पण ओळ न् ओळ, आकृत्यांखालच्या मजकुरासकट. जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. फिजिक्स सुटून बरीच वर्षं झालीत, तिकडे दुर्लक्ष नको, चांगले गुण असलेली मुलंही तिथंच मागे पडतात.

धागाकर्ती

मनापासून आभार, दादा. वैधता वडिलांची आहे, माझी काढायची राहिली आहे. सोमवारी सुट्टी आहे, नंदुरबारला जाऊन येते. ईमेलचं उत्तर आलं की इथंच टाकते, माझ्यासारख्या आणखी कुणाला लागेल.

अजून एक विचारायचं होतं. कंत्राटी नोकरीत अभ्यासाची रजा मिळत नाही. नीटआधीचे दोन-तीन महिने बिनपगारी घ्यावेत की राजीनामाच द्यावा? नोकरी करत नीट दिलेलं कुणी असेल तर त्यांनी काय केलं ते सांगा.